आधी कागद, मग कुदळ
अकोला-अमरावतीत घर-दुकान बांधणाऱ्या बांधवांसाठी

अकोल्याची ताजनापेठ असो की अमरावतीचा इतवारा, आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे बांधकामाचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "नक्शा कशाला पास करायचा? आख्ख्या मोहल्ल्यात कोणी केला?" हे बोलणारा माणूस लबाड नसतो. वीस-पंचवीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन त्याने प्लॉट घेतलेला असतो. खाली दुकान, वर घर, मागे कारखाना असा हिशेब डोक्यात असतो. पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे ही घाई असते. महापालिकेच्या पायऱ्या चढून चपला झिजतात, ही गोष्ट त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. म्हणून तो आधी मिस्त्रीला बोलावतो आणि कागदाचे "नंतर बघू" म्हणतो.

या "नंतर बघू"ची किंमत गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. दुसरीकडे, लहान प्लॉटवाल्यांसाठी परवानगीचा रस्ता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या बाजारपेठेत पुरेशा पोहोचलेल्या नाहीत, असे आम्हाला आढळले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या ओळखीचे अकोल्याचे एक फर्निचर कारागीर आहेत. हात सोन्याचा, व्यवहार चोख. धंदा वाढला तसे त्यांना नवी मशीन घ्यायची होती आणि वरचा मजला चढवायचा होता. कर्जासाठी ते एका बँकेत गेले. सोबत अकरा वर्षांच्या टॅक्स पावत्या, विजेची बिले आणि प्लॉट घेतल्याचा नोटरी केलेला कागद होता. बँकेच्या साहेबांनी सगळे कागद नीट पाहिले आणि विचारले, "मंजूर नकाशा कुठे आहे? भोगवटा प्रमाणपत्र कुठे आहे?" दोन्ही नव्हते. कागद परत आले. चाचा आम्हाला म्हणाले, "टॅक्स घेताना कोणी नक्शा विचारला नाही, बिल घेताना विचारला नाही. कर्ज मागितले तेव्हाच कसा आठवला?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कडू आहे. टॅक्स पावती ही कर भरल्याची पावती आहे, बांधकामाची परवानगी नव्हे. महापालिका विनापरवाना बांधकामावरही कर घेते. इतकेच नव्हे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अशा बांधकामावर नेहमीच्या कराखेरीज दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आहे. लहान राहत्या घरांना त्यात सवलत आहे, दुकानाला ती गृहीत धरू नये. शास्ती भरली म्हणूनही बांधकाम कायदेशीर होत नाही. विजेच्या बिलाचेही तसेच आहे. मीटर नावावर असणे म्हणजे इमारत मंजूर असणे नव्हे.

दोन निकाल, एका महिन्याच्या अंतराने

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे महिनाभराच्या अंतराने दोन निकाल दिले. घर-दुकान बांधणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घेतले पाहिजेत.

पहिला निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तो दिला. न्या. गवई हे आपल्या अमरावतीचे सुपुत्र, पुढे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. या निकालाने बांधकाम पाडण्यापूर्वी काय काय केले पाहिजे ते ठरवून दिले. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायची, ती इमारतीवरही चिकटवायची, उत्तराला किमान १५ दिवस द्यायचे, मालकाचे म्हणणे ऐकायचे आणि कारणांसह लेखी आदेश द्यायचा. आदेशानंतरही १५ दिवस थांबायचे, म्हणजे माणसाला अपिलात जाता येते किंवा बांधकाम स्वतः काढून घेता येते. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाला अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे संरक्षण नाही.

दुसरा निकाल १७ डिसेंबर २०२४ चा, मेरठच्या एका प्रकरणातला. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी तो दिला. त्यातील निर्देश असे: वीज, पाणी, मलनिस्सारण यांच्या जोडण्या पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात. बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज देताना हे प्रमाणपत्र तपासावे. अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिला निकाल तुमचे म्हणणे ऐकून घेण्याची हमी देतो. पण ऐकून घेणाऱ्यापुढे ठेवायला हातात कागद नसेल तर पंधरा दिवसांची मुदत नुसती सरून जाते. दुसऱ्या निकालाचा अर्थ तर सरळ आहे. कागद नसेल तर दिवा, नळ, कर्ज आणि परवाना या चारही गोष्टी अडू शकतात. व्यापाऱ्याचे दुकान या चारांवरच उभे असते.

आधी प्लॉट तपासा

आमचा अनुभव असा की परवानगी बहुधा इमारतीसाठी अडत नाही, प्लॉटसाठी अडते. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी, आणि शक्य तर प्लॉटचा इसार देण्याआधीच, पुढच्या गोष्टी पाहून घ्याव्यात.

मालकी. नोटरीच्या कागदावर किंवा शंभर रुपयांच्या स्टँपवर घेतलेल्या प्लॉटची मालकी मिळत नाही. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच पक्की होते. खरेदीनंतर आखीव पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर आपले नाव चढले आहे याचीही खात्री करावी.

वारसा. आपल्याकडे हा फार मोठा अडसर आहे. प्लॉट वालिदांच्या नावावर असतो, त्यांच्या इंतकालाला दहा वर्षे झालेली असतात, चार भावांनी तोंडी वाटणी करून घेतलेली असते आणि बहिणींना कोणी विचारलेलेही नसते. बहिणी शरीअतने वारस आहेत आणि कायद्यानेही. वारसनोंद होऊन सर्व हिस्सेदारांची लेखी संमती मिळाल्याशिवाय एकट्या भावाच्या नावे नकाशा मंजूर होणे कठीण. कोणी हिस्सा सोडणार असेल तर तो राजीखुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. हे काम बांधकाम सुरू होण्यापूर्वी, घरात गोडीगुलाबी असतानाच उरकून घ्यावे. भिंती उभ्या राहिल्यावर वाटणीचा तंटा महाग पडतो.

नझूल. वऱ्हाडातील शहरांत सरकारी मालकीचे, पट्ट्याने दिलेले नझूल प्लॉट पुष्कळ आहेत. आखीव पत्रिकेवर शीट नंबर, प्लॉट नंबर आणि धारणाधिकार लिहिलेला असतो, तो वाचून घ्यावा. पट्ट्याची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण करावे लागते. नागपूर आणि अमरावती विभागातील निवासी नझूल प्लॉट मालकी हक्काने करून घेण्यासाठी शासनाने २०२४ मध्ये अभय योजना आणली होती. अशा योजनांना मुदत असते, ती वाढवलीही जाते. आजची स्थिती महसूल कार्यालयात लेखी विचारून घ्यावी.

गुंठेवारी. शेतीचे तुकडे पाडून, लेआउट मंजूर न करता विकलेल्या प्लॉटांवर आपल्या कित्येक कष्टकरी कुटुंबांची घरे आहेत. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट मोकळी झाली. शुल्क भरावे लागते. आरक्षणातील, रस्त्यातील किंवा नदीपात्रातील प्लॉटला ही सवलत मिळेल असे मात्र समजू नये.

हद्दवाढ. अकोला महापालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी झाली आणि २०१६ मध्ये तिची हद्द वाढून लगतची गावे शहरात आली. त्या गावांतील अनेकांच्या पेटीत ग्रामपंचायतीचा जुना ना-हरकत दाखला आहे. त्याच्या जोरावर आज नवा मजला चढवता येणार नाही. महापालिकेच्या नगररचना विभागाची नवी परवानगी घ्यावी लागेल.

वक्फ आणि एमआयडीसी. जागा वक्फची असेल तर तुम्ही मालक नसून भाडेकरू आहात. मुतवल्लीच्या तोंडी होकारावर बांधकाम करू नका. भाडेपट्ट्याला मुदत आणि नियम आहेत, राज्य वक्फ मंडळाची रीतसर परवानगी लागते. प्लॉट एमआयडीसीतला असेल तर नकाशा एमआयडीसीकडेच मंजूर होतो, महापालिकेकडे नव्हे.

नदी, रेल्वे आणि विजेची तार

मालकी चोख असली तरी जागा कुठे आहे हेही पाहावे लागते. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. प्लॉटवर शाळा, बगीचा किंवा रस्तारुंदीचे आरक्षण आहे काय, हे त्यात दिसते. दलालाच्या तोंडचे "क्लिअर आहे" हे शब्द म्हणजे दाखला नव्हे.

अकोल्यात मोर्णेकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषांचा विचार होतो. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी मिळू शकते, जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावा लागतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले होते, ते ज्यांनी पाहिले त्यांना या अटीचा अर्थ समजावून सांगायला नको. अमरावतीत अंबा नाल्याकाठी प्लॉट घेणाऱ्यांनीही हीच चौकशी करावी.

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचे असेल तर रेल्वेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अकोला जंक्शन आणि बडनेरा परिसरातील बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

आणि विजेची तार. अरुंद गल्लीत गॅलरी पुढे काढायची आणि ती ११ केव्हीच्या तारेला भिडवायची, हा आपल्याकडचा जीवघेणा प्रकार आहे. ११ केव्ही वाहिनीपासून बांधकाम आडवे किमान १.२ मीटर आणि उभे किमान ३.७ मीटर दूर असले पाहिजे. साध्या लघुदाब तारेपासून आडवे १.२ आणि उभे २.५ मीटर. गच्चीवर पतंग उडवणारी मुले आपलीच असतात. नकाशात तार दाखवा. तार हलवायची असेल तर महावितरणकडे आधी अर्ज करा.

लहान प्लॉटवाल्यांसाठी सोपी वाट

आता चांगली बातमी. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात, म्हणजे अकोला-अमरावतीतही, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून यूडीसीपीआर म्हणतात. या नियमावलीने लहान प्लॉटांना वेगळी वागणूक दिली आहे.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर नियमात बसणारे छोटे बांधकाम करायचे असेल तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या सहीचा नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क दाखल करायचे. शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला अशाच स्वप्रमाणित नकाशावर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आपल्या कारागीर बांधवांचे बहुतेक प्लॉट या दोन गटांतच मोडतात. ज्या हेलपाट्यांच्या भीतीने आपण आजवर नकाशा टाळत आलो, ते हेलपाटे या गटापुरते नियमाने कमी केले आहेत.

पण एक इशारा. सवलत कार्यपद्धतीत आहे, नियमांत नाही. समोरची व बाजूची सोडायची जागा, उंची, चटई क्षेत्र, पार्किंग हे सर्व पाळावेच लागते. प्लॉटही मंजूर लेआउटमधला, नियमित केलेला किंवा गावठाणातला असावा लागतो. म्हणूनच आम्ही वर प्लॉटविषयी एवढे लिहिले.

यापेक्षा मोठ्या कामासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करायचा. अर्ज आता संगणकावरूनच दाखल होतात, ते काम आर्किटेक्ट करतो. कलम ४५ मधील ६० दिवसांची गोष्ट पुष्कळांना अर्धवट ठाऊक आहे. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, हे खरे. पण हे साठ दिवस अर्जापासून किंवा कार्यालयाने काढलेल्या त्रुटीला तुम्ही उत्तर दिल्यापासून, यातील जे नंतरचे असेल तेव्हापासून मोजतात. म्हणून त्रुटीचे पत्र आले की आठवडाभरात उत्तर द्या आणि पोच घ्या. दुसरे असे की नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच मानीव परवानगी टिकते. नियमाबाहेर बांधले तर ते अनधिकृतच ठरते.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते, त्याची मुदत ४० दिवसांची आहे.

खर्चाचा हिशेब आधीच मांडा. छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत रक्कम आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर या मुख्य बाबी. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला उपकरातून सूट आहे, तिची सध्याची मर्यादा विचारून घ्या. प्रत्येक पैसा चलनाने, स्वतःच्या नावे भरा. "सगळे मिळून एवढे द्या, कागद घरी येईल" असे सांगणाऱ्याला हात जोडा. अशा माणसाकडे पैसे देऊन, हातात कोणत्याही पावतीशिवाय बसलेले लोक दोन्ही शहरांत आम्ही पाहिले आहेत.

जोत्यापासून भोगवट्यापर्यंत

परवानगी हातात आली की काम संपले असे नाही. ती एक वर्ष चालते. दरवर्षी अर्ज करून ती वाढवता येते, वाढीव मुदत एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. पैसे साचतील तसे थोडे थोडे बांधणाऱ्या आपल्या लोकांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

वऱ्हाडच्या काळ्या मातीविषयीही दोन शब्द. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर दोन वर्षांत भिंती तडकतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हा केवळ फाईल भरण्याचा कागद नव्हे. त्याला जागेवर बोलावून खड्डा दाखवा. मिस्त्री कितीही जुना असला तरी सळईचा हिशेब इंजिनिअरचाच असू द्या.

जोत्यापर्यंत काम आले की महापालिकेला कळवायचे. मंजूर नकाशात फरक करायचा झाला तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यायचा. "एक खोली तर वाढवली" म्हणून भोगवटा अडकलेले पुष्कळ आहेत. काम पूर्ण झाले की आर्किटेक्टमार्फत पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. नकाशा मंजूर करणारे बरेच असतात, भोगवटा घेणारे थोडे. खरी चावी हाच शेवटचा कागद आहे. विकताना, तारण ठेवताना, भाड्याने देताना आणि आता जोडण्या घेताना तोच विचारला जातो.

मोठे दुकान किंवा गोदाम असेल तर अग्निशमनाकडेही लक्ष हवे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली बसवलेली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते.

वीज: कोणत्या कामासाठी, कोणते मीटर

बांधकामासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. शेजाऱ्याकडून वायर ओढू नका, त्यात दोघेही अडकतात. कायम जोडणीच्या अर्जाला मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा, ओळखपत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पूर्ण अर्ज दिल्यावर महापालिका-नगरपालिका हद्दीत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी द्यायची आहे. नवी वाहिनी किंवा रोहित्र टाकावे लागणार असेल तर वेळ जास्त लागतो. म्हणून वेल्डिंग, रंधा मशीन, बेकरीची भट्टी यांचा एकूण भार किती किलोवॅट होईल ते आधीच काढा.

घराचे, दुकानाचे आणि कारखान्याचे दर वेगवेगळे आहेत. घरगुती मीटरवर दुकान किंवा कारखाना चालवला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. किती दिवसांपासून वापर आहे ते ठरवता आले नाही तर बारा महिन्यांचा हिशेब लागतो. खाली दुकान, वर घर असेल तर नकाशातच दोन मीटरची जागा ठेवा. त्याने वर्षाला दोन पैसे वाचतील आणि झोपही नीट लागेल.

पाणी: दोन शहरे, दोन दरवाजे

अमरावती-बडनेऱ्यात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते, ते अप्पर वर्धा धरणातून येते. नळजोडणीचा अर्ज प्राधिकरणाकडे करायचा, पण रस्ता खोदायची परवानगी रस्ता ज्याच्या मालकीचा त्याची, म्हणजे बहुधा महापालिकेची. एका दरवाजावर काम झाले म्हणून दुसरा विसरू नका. अकोल्यात पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि जोडणी महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग देतो. इथे रोज नळ येईल असे धरून चालू नये. जमिनीखालच्या टाकीची जागा नकाशातच धरा.

बोअरच्या भरवशावर राहणाऱ्यांना आणखी एक सूचना. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. खारे पाणी काँक्रीटमध्ये घातले तर आतली सळई गंजते. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यायला लागणारा पैसा एका सळईच्या मानाने काहीच नाही.

काम अडले तर

भांडू नका आणि पाकीटही काढू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा, किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देणार याचा फलक लावायचा आहे. तो वाचा. मुदतीत काम झाले नाही तर पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी आयोगाकडे तिसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. फाईल कुठे अडली हे माहितीच्या अधिकारात विचारता येते, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवले तरच तो वाचतो, हे आपल्या बाजारात फार थोड्यांना माहीत आहे.

ज्यांचे बांधकाम आधीच झाले आहे त्यांनी घाबरून दलालाकडे पळू नये. प्रथम आर्किटेक्टकडून मोजमाप करून घ्यावे आणि किती भाग नियमात बसतो ते पाहावे. जो भाग बसतो तो शुल्क आणि दंड भरून नियमित होऊ शकतो. गुंठेवारीची वाट वर सांगितलीच आहे. जो भाग बसत नाही, विशेषतः रस्त्यावर आलेला ओटा किंवा पायरी, तो स्वतः काढून घेण्यातच शहाणपण आहे. विनापरवाना बांधकामाला कलम ५२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हेही ध्यानात असावे.

आमच्या त्या फर्निचरवाल्या चाचांनी शेवटी काय केले? त्यांनी मशीन लांबणीवर टाकली. आधी नोंदणीकृत खरेदीखत केले, मग प्लॉट नियमित करण्याचा अर्ज दिला. वरचा मजला अजून चढलेला नाही. सळया गच्चीवर तशाच उभ्या आहेत. पण या वेळी पावत्यांची फाईल त्यांनी दुकानाच्या गल्ल्यात ठेवली आहे आणि कोणी प्लॉट घ्यायचा म्हटला की ती उघडून दाखवतात. परवा शेजारचा एक तरुण त्यांच्याकडे चौकटीची ऑर्डर द्यायला आला होता. चाचांनी टेप हातात घेण्याआधी विचारले, "बेटा, नक्शा पास झाला?" तो म्हणाला, "नंतर बघू." चाचांनी टेप खिशात ठेवला आणि त्याला आपल्या आर्किटेक्टचा पत्ता लिहून दिला.

व्यापारी बांधवांनो, विटेला वीट लागण्याआधी कागदाला कागद लावून घ्या. घराचा पाया तिथूनच सुरू होतो.